माइकचा बुधवार

पहाटे 5.40

रविवारचा सामना सोमवारी दुखतो, मंगळवारी त्याहून जास्त दुखतो आणि बुधवारी कामावर जायचं असतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बचाव फळीत खेळणारा माणूस ऑक्टोबरच्या मध्याला घराचा जिना उतरतो तो कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वय 25, वजन 107 किलो. गाडीत बसताना आधी पाठ आत, मग एकेक गुडघा हाताने उचलून.

त्याचं नाव देत नाही, कारण हा कुणी एक माणूस नाही. नॅशनल फुटबॉल लीगच्या 32 संघांत असे प्रत्येकी दोन-तीन तरी निघतील, आणि शार्लट असो की ग्रीन बे, त्यांचा बुधवार थोड्याफार फरकाने असाच जातो. त्याची जागा मधल्या लाइनबॅकरची. संघात तिला ‘माइक’ म्हणतात. शेजारचे दोघे ‘सॅम’ आणि ‘विल’. समोरच्यांना चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. हा चेंडूपासून चार-पाच यार्डांवर, फळीच्या मधोमध उभा राहतो आणि त्यांना सरकू देत नाही. याचेच त्याला पैसे मिळतात.

काल सुट्टी होती. सुट्टी खेळाडूंना, कचेरीला नव्हे. मंगळवारीच संघ बाहेर बसलेल्या खेळाडूंना बोलावून त्यांची चाचणी घेतात, आणि काल तिघे लाइनबॅकर येऊन धावून गेले हे त्याला दुपारीच फोनवर कळलं. 53 जणांच्या यादीत त्याच्या जागेवरची माणसं मोजकीच. 2025 मध्ये नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार 8 लाख 40 हजार डॉलर होता. आकडा ऐकून कुणीही डोळे विस्फारेल. पण बहुतेकांच्या करारातल्या मोठ्या भागाला हमी नसते, आणि खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्याही आत आटोपते. पेन्शनला पात्र ठरायला तीन हंगाम लागतात. त्याचा हा तिसरा आहे.

6.15

आधी गरम पाण्याची टाकी, मग बर्फाच्या पाण्याची, मग पुन्हा गरम. दोन्हींच्या मध्ये तो काठावर बसून डाव्या खांद्याची निळी-पिवळी सूज न्याहाळतो. ती कुठल्या टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्याला पाडताना, आली ते त्याला आठवतं: दुसरा क्वार्टर, तिसरी संधी, चार यार्ड बाकी. त्याला सगळंच असं आठवतं, आणि ती आठवण हीच त्याची खरी मिळकत आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

‘दुखतंय का?’ असं इथे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘रविवारी खेळशील ना?’ एवढंच विचारतात. कॅरोलायना पँथर्सचा लाइनबॅकर थॉमस डेव्हिस याच्या एकाच गुडघ्याचा तोच अस्थिबंध तीनदा फाटला आणि तिन्ही वेळा तो परत उभा राहिला. पुढे 2016 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, दोनच आठवड्यांपूर्वी मोडलेला हात बांधून तो खेळला. अशा गोष्टी या खोलीत पुराणातल्या कथांसारख्या सांगितल्या जातात. त्यातलं शौर्य मला मान्य आहे. पण त्या सांगणाऱ्यांमध्ये पगार देणारेही असतात, हेही विसरता येत नाही.

8.00

चेंडू लाथेने मारण्याच्या चालींसाठी वेगळी बैठक, मग सगळ्या संघाची. मुख्य प्रशिक्षक सात-आठ मिनिटं बोलतो. रविवारी गेलेला सामना संपला, पुढचा प्रतिस्पर्धी असा आहे, चेंडू हिसकावा, वेळेवर या. वही कुणी उघडत नाही.

8.45

आता वही उघडते.

बचाव फळीची खोली, मग त्यातून लाइनबॅकरांची आणखी छोटी खोली. दिवे मालवलेले. पडद्यावर वरून घेतलेलं चित्रण, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस जण कायम दिसतात. टीव्हीवरचा सामना यांच्या कामाचा नसतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि यांना चेंडू सोडून बाकी सगळं पाहायचं असतं. प्रत्येक चाल आधी बाजूने, मग गोलखांबांमागच्या कॅमेऱ्यातून. प्रशिक्षकाच्या हातात रिमोट: पुढे, मागे, पुढे, मागे, थांब.

बुधवार हा पहिल्या आणि दुसऱ्या संधीचा. तिसऱ्या संधीचा अभ्यास गुरुवारी, गोलरेषेजवळचा शुक्रवारी. हे वेळापत्रक लीगभर इतकं रुळलेलं आहे की संघ बदलला तरी आठवडा बदलत नाही.

‘माइक, काय दिसतंय?’

‘बारा.’ म्हणजे मागे धावणारा एक आणि टाइट एंड, फळीच्या टोकाला अडवणारे आणि पासही झेलणारे, दोन. ‘उजवीकडचा टाइट एंड एक पाऊल मागे उभा आहे.’

‘मग?’

‘तो फळीच्या मागून आडवा डावीकडे जाणार. धाव उजवीकडून.’

‘आणि धाव हे ढोंग असेल तर?’

‘तर चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकसुद्धा त्याच्याच मागोमाग डावीकडे पळणार.’

‘मग तू कुठे?’

इथे तो अर्धा क्षण थांबतो. प्रशिक्षक रिमोट दाबून चित्र चालू करतो. पडद्यावरचा माइक, म्हणजे गेल्या महिन्यात याच संघाशी खेळलेला दुसऱ्या कुठल्या तरी संघातला बापडा, उजवीकडे धावलेला असतो, आणि त्याच्या पाठीमागे वीस यार्ड मोकळं मैदान.

या खोलीत जी चिन्हं शिकवतात ती फार बारीक असतात. समोरच्या फळीतल्या गार्डची जमिनीला टेकवलेली बोटं पाहा: अंगाचं वजन बोटांवर आलं असेल तर नखं पांढरी पडतात, म्हणजे तो पुढे मुसंडी मारणार, धाव. वजन टाचांवर असेल तर तो मागे सरकणार, पास. चाल सुरू झाल्यावर पहिल्या क्षणात त्याचं हेल्मेट वर उठलं तर पास, खालीच राहिलं तर धाव. धावपटू नेहमीपेक्षा अर्धा यार्ड मागे आहे का? कडेचा रिसीव्हर आत का सरकला? कबड्डीतला मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूच्या डोळ्यांकडे बघत नाही, पावलांकडे बघतो. तोच हा धंदा, फक्त समोर एकाऐवजी अकरा जण आणि पाठ करायच्या खुणा शेकड्यांनी.

या विद्येचा अलीकडचा सर्वांत मोठा पंडित ल्यूक कीकली. बॉस्टन कॉलेजातून आलेल्या या मुलाला 2012 मध्ये पँथर्सनी नवव्या क्रमांकावर निवडलं. पहिल्याच हंगामात त्याने 164 टॅकल केल्या, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. 2013 मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण त्याची दंतकथा झाली ती टॅकलमुळे नाही. समोरचा संघ रांगेत उभा राहिला की हा चाल सुरू होण्याआधीच आपल्या सोबत्यांना ती चाल ओरडून सांगायचा, आणि बहुतेकदा तीच यायची. 2015 च्या थँक्सगिव्हिंगला डॅलसमध्ये त्याने यजमानांचा क्वार्टरबॅक टोनी रोमो याचे लागोपाठचे दोन पास मधल्या मधे पकडले. पहिला तर थेट गोलरेषेपार नेला. बघणाऱ्याला वाटावं, याला आधीच कुणी तरी कानात सांगितलं असणार. सांगितलं होतं ते अशाच एका अंधाऱ्या खोलीतल्या बुधवारने.

सामना तीन तास चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अकरा-बारा मिनिटं. त्या मिनिटांना आपण पराक्रम म्हणतो. आठवड्यातला बाकीचा सगळा वेळ खुर्चीत, पडद्यासमोर, पेन्सिल हातात धरून जातो, आणि या पेशाच्या जाहिरातीत ती खुर्ची कधीच दिसत नाही. मला स्वतःला हा माणूस मैदानापेक्षा या खोलीत जास्त समजतो. बचावपटू जो पगार घेतो तो वाचण्याचा. धडक ही त्या वाचनाची शेवटची ओळ.

11.10

संथ तालीम. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, काहींच्या पायांत नुसत्या स्लिपर. सगळे चालत चालत आपापल्या जागा घेतात आणि मोठ्याने बोलतात. बोलायचं मुख्य काम माइकचं. 2008 पासून बचाव फळीतल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी आहे. त्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो. दोन चालींमध्ये 40 सेकंदांचं घड्याळ चालतं. ते 15 वर आलं की रेडिओ बंद. तोवर प्रशिक्षकाने कानात सांगितलेली चाल ऐकायची, दहा जणांना सांगायची, आणि त्यानंतर समोरच्यांनी रचना बदलली तर आपली रचना स्वतःच्या अकलेने बदलायची. या 15 सेकंदांत त्याला कुणीही मदत करू शकत नाही. ठिपका गेल्या महिन्यात त्याच्याकडे आला, जुना माइक जायबंदी झाला म्हणून.

12.10

जेवण: कोंबडी, भात, रताळी, पालक, आणि वजनाचा तक्ता बघून ठरलेलं माप. पत्रकारांना लॉकर रूममध्ये सोडतात तीही अशीच एखादी ठरलेली वेळ. ‘त्यांचा धावपटू चांगला आहे, आम्हाला शिस्तीत खेळावं लागेल,’ असं तो चार जणांना चार वेळा सांगतो. लॉकरला पाठ लावून कपडे बदलत असलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याची ही पद्धत खेळाडूंच्या संघटनेला आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही. दुपारनंतर जखमींची अधिकृत यादी जाहीर होईल. त्याच्या नावापुढे ‘खांदा, पूर्ण सराव’ असं येईल. समोरच्या संघातला कुणी तरी ते वाचून रविवारी डाव्या खांद्यावरच येणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. तोही त्यांची यादी वाचतोच.

जेवणाच्या टेबलावरची एक माहिती आपल्या वाचकांसाठी. भारतीय वंशाचा एक लाइनबॅकर या लीगमध्ये सात हंगाम टिकला: ब्रँडन चिलार, आधी सेंट लुईस रॅम्स आणि मग ग्रीन बे पॅकर्स. पॅकर्सनी 2011 च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला तेव्हा तो दुखापतीमुळे यादीबाहेर होता. त्याच वर्षी भारतात या खेळाची लीग काढायचा जो घाट घातला गेला त्यात पैसे घालणाऱ्यांमध्ये तोही होता, आणि त्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता. लीग रुजली नाही.

1.10

टेप. एका रांगेत उंच टेबलं, त्यांवर पाय लोंबकळत ठेवून बसलेली अवाढव्य माणसं. आधी घोट्याला फोमची पातळ पट्टी, मग पांढरी चिकटपट्टी: वर दोन वेढे, तळव्याखालून रिकिबीसारखे तीन, मग आठाच्या आकड्यात, शेवटी टाच दोन्ही बाजूंनी जखडायची. टेप बांधणारा कात्री वापरत नाही, पट्टी बोटांनी टर्रकन फाडतो. दोन्ही घोटे बांधून व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मग हाताची बोटं, दोन-दोनच्या जोड्यांनी. मधल्या बोटाचं टोक आता कायमचं बाहेरच्या बाजूला वळलंय; ते कुणी सरळ करायच्या भानगडीत पडत नाही.

1.40

खरा सराव. आज पॅड आहेत, आणि हे दुर्मीळ. संघटनेशी झालेल्या करारानुसार पूर्ण हंगामात पॅड घालून फक्त 14 सराव घेता येतात. हेल्मेटवर आणखी एक मऊ, गुबगुबीत टोपी, गार्डियन कॅप. 2022 मध्ये ती आधी लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर यांना सक्तीची झाली, कारण सरावात डोकी सर्वांत जास्त याच लोकांची आपटतात. दिसते हास्यास्पद. सुरुवातीला सगळे तिची टिंगल करायचे, आता नजर सरावली आहे.

समोर प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतलेला आपलाच राखीव संघ. एक साहाय्यक प्रशिक्षक मोठमोठी कार्डं वर धरतो. त्यांवर मार्करने वर्तुळं आणि बाण काढलेले, म्हणजे रविवारचा शत्रू अमुक चाल कशी खेळतो त्याचं चित्र. राखीव संघ ते कार्ड बघतो आणि तसं खेळतो. या पोरांची उमेद मोठी असते. 2025 मध्ये त्यांना आठवड्याला 13 हजार डॉलर मिळत होते आणि त्यांची नोकरी आठवड्याच्या बोलीवर. त्यामुळे ‘धडक द्या पण खाली पाडू नका’ हा नियम त्यांच्यातला एखादा अधूनमधून विसरतो.

बारावं कार्ड. गार्डची बोटं पांढरी. तो ‘धाव, धाव, उजवीकडे!’ असं ओरडत फटीत शिरतो आणि राखीव संघातला एक तरणाबांड फुलबॅक त्याच्या छातीवर येऊन आदळतो. हेल्मेटवर हेल्मेट घासतं. आवाज टोपीमुळे बसका. दोघे उभेच राहतात. फुलबॅक ‘माफ कर’ म्हणतो, हा त्याच्या पाठीवर थाप मारतो. पुढचं कार्ड.

कडेला उभा असलेला डॉक्टर दोन पावलं पुढे येऊन थांबतो. दर उन्हाळ्यात या सगळ्यांची एक चाचणी होते आणि तिची नोंद ठेवतात: शब्दांची यादी ऐकून ती परत म्हणायची, वर्षाचे महिने उलट्या क्रमाने सांगायचे, एका पायावर तोल सांभाळायचा. डोक्याला मार लागल्याची शंका आली की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि उन्हाळ्यातल्या नोंदीशी ताडून बघतात. याद्या पाठ करून पोट भरणाऱ्या माणसाला ही परीक्षा द्यावी लागते, यातला क्रूर योग डॉक्टरांच्या लक्षात आला असेल की नाही कोण जाणे. आज तशी वेळ येत नाही. तो माइकच्या जागेवर परत जातो आणि रचना बरोबर ओरडतो.

कीकलीवर ती वेळ आली होती. 17 नोव्हेंबर 2016, शार्लट, न्यू ऑर्लीन्सविरुद्धचा गुरुवारचा सामना. डोक्याला मार बसल्यावर त्याला गाडीत बसवून मैदानाबाहेर नेलं तेव्हा तो हमसून हमसून रडत होता आणि ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. 2015 ते 2017 या तीन हंगामांत डोक्याच्या दुखापतीने तो दर वर्षी बाहेर बसला. मानेभोवती मेंदूच्या संरक्षणासाठीची पट्टी घालून पुन्हा खेळला, उत्तम खेळला, आणि जानेवारी 2020 मध्ये 28 व्या वर्षी थांबला. सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर ख्रिस बोर्लंड त्याच्याही आधी, 2015 मध्ये, एकच हंगाम खेळून 24 व्या वर्षी बाहेर पडला होता.

जे थांबले नाहीत त्यांचीही नावं या पेशात सगळ्यांना ठाऊक आहेत. शिकागो बेअर्सच्या 1985 च्या विजेत्या संघातला डेव्ह ड्युअरसन. 2011 मध्ये त्याने छातीत गोळी झाडून घेतली; मेंदू संशोधनाला द्या, अशी चिठ्ठी मागे ठेवली. लाइनबॅकर ज्युनियर सेऊ 2012 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी तसाच गेला. दोघांच्याही मेंदूत सीटीई हा झीज होत जाणारा आजार सापडला. त्याचं निदान आजही मृत्यूनंतरच पक्कं होतं. बॉस्टन विद्यापीठाने 2017 मध्ये या लीगच्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंचा अहवाल दिला, त्यांतल्या 110 मध्ये तो होता. मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांनी आधीच लक्षणं पाहिली होती, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. तरी 111 मध्ये 110 हा आकडा लॉकर रूममधल्या कुठल्याही पोराला समजतो.

संघ वर्षभर आमच्या माइकच्या डोक्यात खुणा भरत राहतो आणि काम करताना तेच डोकं पुढे करावं लागतं. डोकं खाली घालून धडक देण्याविरुद्ध 2018 पासून कडक नियम आहे, हेल्मेटं सुधारली आहेत, वर बसलेले निरीक्षक सामना थांबवू शकतात. हे सगळं खरं आणि चांगलं आहे. पण फटीत शिरायचं तर शिरावंच लागतं.

4.10

वजनं. पाय आज हलके, खांदा सोडून बाकी सगळं. पुन्हा बर्फ. मग ओल्या केसांनीच परत त्या खोलीत, कारण दुपारचा सराव आता पडद्यावर आलेला असतो. बाराव्या कार्डाशी प्रशिक्षक थांबतो. ‘वाचलंस बरोबर. पण डोकं कुठे होतं?’ खाली होतं. तो वहीत लिहितो.

6.20

घर. मुलगी दीड वर्षांची आहे आणि तिला उचलायला तो उजवा हात वापरतो. जेवण. बायको भाड्याच्या घराचा विषय काढते: करार एक वर्षाचा वाढवायचा की महिन्या-महिन्याचा? या पेशातल्या घराघरांतला हा प्रश्न आहे. ठरत नाही.

8.30

टॅबलेटवर तिसऱ्या संधीच्या क्लिपा आल्या आहेत. कीकली निवृत्त झाला त्याच वर्षी पँथर्सकडे परतला होता, खेळाडू पारखणारा म्हणून. म्हणजे पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत, आता हेल्मेटशिवाय. पुढे तो त्यांच्याच रेडिओवर सामन्यांचं समालोचन करू लागला. आमचा माइक मधूनच म्हणतो, नंतर मीही असंच काही तरी करीन. नंतर म्हणजे कधी, हे बायको विचारत नाही.

क्लिप पहिली: तिसरी संधी, सहा यार्ड, डावीकडे तिघे रिसीव्हर एकमेकांना चिकटून. तो मागे नेतो, पुढे नेतो. गार्डची बोटं या कोनातून दिसत नाहीत. दुसरी क्लिप. तिसरी. नवाच्या सुमाराला विलचा निरोप येतो. तो या वर्षीच कॉलेजातून आलाय.

‘ते तिघं एकत्र उभे राहिले तर माणूस धरायचा की जागा?’

‘जागा,’ तो टाइप करतो. ‘त्यांतला एक हलला तर माणूस. मी ओरडेन.’

‘आणि तुझा आवाज आला नाही तर?’

‘सातवी क्लिप बघ. मग फोन कर.’